मीठ बेतात

"समुद्राचं पाणी आहे हे! जेवायला वाढलंस की बुडवायला?"

"मग लिहिलंत कशाला?"

"काय लिहिलं?"

"वाचा की. तुमच्याच हातात आहे फोन."

नवऱ्याने वाचलं नाही. पहिला घास त्याने कसाबसा गिळला होता, दुसरा ताटाच्या कडेला काढून ठेवला होता आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. मग माईनेच मान तिरकी करून फोनवरचं मोठ्याने वाचायला घेतलं. शाळेत धडा वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून.

"'आज आम्ही केला माशाचा रस्सा. सोबत भात आणि भाजलेली वांगी. रस्सा दाट, आंबटपणा हलका, मीठ अगदी बेतात. जोडीला कडू बिअर. पहिला घास आणि पहिला घोट एकदम घ्यावा.' सात वाजून चाळीस मिनिटं."

"त्याचं काय आता?"

"आता आठाला पाच कमी आहेत. घास तुम्ही आत्ता घेतलात. मीठ बेतात आहे हे पंधरा मिनिटं आधी कोण सांगून गेलं तुम्हाला?"

मुलगी नाकातल्या नाकात हसली. समोर आजी बसलेली पाहून तिने हसू गिळलं आणि निघत आलेला इयरफोन पुन्हा कानात खुपसला. सासूबाई भाताची शितं बोटाने एकीकडे सारत गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसल्या की माईला एरवी हायसं वाटायचं. आज त्यांचं गप्प बसणं जरा जास्तच वाटलं.

"विषय तो नाही," नवरा म्हणाला. "विषय असा की तू चाखून बघत नाहीस. सत्तावीस जणांनी विचारलंय रस्सा कसा केला म्हणून. रविवारी पाच माणसं जेवायला येणार आहेत ह्या घरात. नुसती जेवणारी नाहीत, जाणकार आहेत. त्यांच्यापुढे हे ठेवू?"

पाण्याचे मीटर दुरुस्त करण्याच्या कारखान्यात तो बावीस वर्षं नोकरी करत होता. दिवसभर डोळ्याला भिंग लावून तांदळाएवढे स्क्रू काढायचे आणि बसवायचे. हात स्थिर, काम चोख, आणि बावीस वर्षांत शाबासकीचा एक शब्द नाही. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला 'ताट आणि ग्लास' नावाच्या गटात घेतलं. गटाचा नियम साधा होता. मेजवान्या नकोत, हॉटेलातलं नको. रोजचं, घरी शिजलेलं रात्रीचं जेवण, त्याच दिवशीचा फोटो आणि सोबत कोणती बिअर घेतली ते. त्याने वाटाणा-बटाट्याचा साधा रस्सा टाकला तर चाळीस जणांनी वा वा केली. दोन महिन्यांत लोक त्याला 'मास्टर' म्हणू लागले. घरी त्याला कुणी काहीच म्हणत नसे. 'अहो' ही काही पदवी नव्हे.

तेव्हापासून घरात एक रीतच पडली. फोटो निघेपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही. ताट खिडकीजवळच्या टेबलावर जायचं, तिथून ट्यूबलाइटखाली, तिथून परत टेबलावर. वाफ दिसली पाहिजे, म्हणून रस्सा पुन्हा गरम करायचा. बिअरवर दोन बोटं फेस हवा. बसला की पुन्हा ओतायची. मग तो उभ्याउभ्याच लिहायचा, अंगठ्याने भराभरा, आणि तोवर इतर तिघी ताटाभोवती हात मांडीत घेऊन बसायच्या. फोटोतलं जेवण गरमागरम असायचं. तोंडात पडायचं ते थंड.

'आज आम्ही केला' हे माईने पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. चला, निदान आपल्याला धरून बोलतो. पुढे लोक कृती विचारू लागले. तेव्हा हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायचा, "काय गं, किती वेळ शिजवलंस?" आणि बाहेर जाऊन लिहायचा, 'मी पंधरा मिनिटंच ठेवतो.' लसणाची पाकळी सोलायची तर कुठून सुरुवात करायची हे ज्याला माहीत नव्हतं, तो.

माई मुळात नाकाची पक्की. माहेरी भाऊ तिला मांजर म्हणायचे. जिन्यात पाय ठेवल्याठेवल्या ती सांगायची की दुसऱ्या मजल्यावर दूध लागलंय. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंच्या हातच्या भाजीत काय जास्त आणि काय कमी हे तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, आणि त्याचं उट्टं त्यांनी पुढे वर्षभर काढलं होतं. पण स्वयंपाक हळूहळू तिच्याकडे आला तो त्या नाकामुळेच.

चौदा महिन्यांपूर्वी तिला आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. मागोमाग खारट गेलं, गोड गेलं, आंबट गेलं. सकाळचा चहा म्हणजे ऊन पाणी. जिभेवर एक कडू तेवढं उरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "येईल परत. कधी कधी नाही येत." त्यांच्या दाराबाहेर रांग होती, त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

घरी तिने लगेच सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नाही. तिला वाटलं, कुणीतरी विचारेल. जेवताना आपण चेहरा कोरा ठेवून बसतो, आवडीची कैरी पुढ्यात असून हात लावत नाही, हे कुणालातरी दिसेलच की. आठवडा गेला, महिना गेला. मग वाट बघण्याची जागा हट्टाने घेतली. विचारतात की नाही, बघूच.

स्वयंपाक ती मापाने करू लागली. मीठ चपट्या चमच्याने, एका पातेल्याला एक. कांदा रंगावर, तेल आवाजावर, भात घड्याळावर. इतकं नेटकं चालायचं की कधी कधी तिचं तिलाच नवल वाटायचं. आंधळ्याने शिवण घातल्यासारखं.

कामावर मात्र चार दिवसांत उघडं पडलं. माई इस्पितळाच्या लाँड्रीत होती. इस्त्रीच्या मोठ्या तापत्या रुळावर दोघी जणी ओल्या चादरी सोडतात आणि पलीकडे दोघी कोरड्या झेलतात. चौथ्या दिवशी एक चादर रुळावर अडकून करपली आणि माई शांतपणे पुढची चादर सरळ करत उभी राहिली. पलीकडून बुटकी धावत आली. बुटकी हे काही तिचं नाव नव्हे, पण स्टुलावर चढून काम करणारीला दुसरं काय म्हणणार? तिने यंत्र बंद केलं. "माई, नाक काय घरी धुवायला टाकलंस?" आणि मग माईच्या तोंडाकडे नीट बघत, आवाज खाली आणून, "तुला वास येत नाहीये ना?"

माई तिथेच चादरींच्या गाड्यावर बसली आणि रडली. त्या दिवसापासून बुटकी तिच्या बाजूला उभी राहू लागली. बुटकीला चार दिवस पुरले.

बिअरचं असं झालं. नवऱ्याला कडू बिअर मुळीच आवडत नसे. त्याची आवड काळी, गोडसर, जड. पण गटातल्या जाणत्यांनी त्या काळ्या बिअरला 'सरबत' ठरवून टाकलं होतं आणि जो कडू पितो तो दर्दी, असा तिथला हिशेब होता. तेव्हा फोटोत कडू. फोटो झाला की हा दोन घोट घेऊन तोंड वाकडं करायचा, ग्लास बाजूला सरकवायचा आणि जेवण झाल्यावर गॅलरीत जाऊन आपलं सरबत प्यायचा. एकदा भांडी आवरताना माईने फोटोच्या ग्लासातलं उरलेलं मोरीत ओतण्याऐवजी तोंडाला लावलं. फेस मेलेला, बिअर कोमट. आणि तिने मोरीचा कठडा धरला. चव होती! जिभेच्या मुळाशी, स्वच्छ, ठसठशीत कडू. कोणीतरी दार ठोठावावं तशी. तेव्हापासून रोज भांडी आवरताना, पाठमोरी, उभ्याने, ती तो अर्धा ग्लास संपवायची. दिवसभरात तिचं जेवण म्हणावं असं तेवढंच.

ह्याच आठवड्यात लाँड्रीच्या मुकादमीणबाईंनी दुपारच्या पाळीची यादी भिंतीला लावली होती. दोन ते दहा, येत्या रविवारपासून. "माई, तू ये ना. बुटकीही येतेय." माई म्हणाली होती, "नको बाई, संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार?" यादी शुक्रवारी सकाळी काढून घेणार होते. आज गुरुवार होता.

"बोल ना," नवरा म्हणाला. "चाखून का बघितलं नाहीस?"

माईने ताटाकडे बघितलं. इतके महिने तिने मनात ह्या वाक्याची किती तरी रूपं करून पाहिली होती. प्रत्यक्षात ते अगदी साधं निघालं.

"मला चव कळत नाही. वासही येत नाही. चौदा महिने झाले."

मुलीने दोन्ही इयरफोन काढले. "काय? माई, काय म्हणालीस?"

नवऱ्याने आईकडे बघितलं. सासूबाईंनी त्याच्याकडे. एवढंच. पण माईने बावीस वर्षं त्या दोघांची ही नजरानजर ओळखून दिवस काढले होते. दचकलेल्या माणसांची नजर ती नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"आता निघालंच आहे तर सांगते," सासूबाईंनी ताट पुढे सारलं. "तू पातेलं ठेवून वाळलेले कपडे आणायला गच्चीवर जातेस ना, तेव्हा मी चाखते. कमी असलं तर घालते, जास्त असलं तर बटाटा सोडते. वर्ष झालं. उगाच नाही ह्या घरात जेवण घशाखाली उतरत. आज चाखलं तर मिठाचा पत्ता नाही. घातलं मी चमचाभर."

"आज मी शेवटी घालायचं ठेवलं होतं. गच्चीवरून आल्यावर घातलं."

"मग झालं की दोन. मला काय स्वप्न पडलं होतं?"

"कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"तापातून उठलीस त्याच महिन्यात. दात गेले माझे, जीभ नाही गेली."

"आणि एका शब्दाने विचारलं नाहीत."

"मी काय गप्प राहणारी आहे का? ह्याला लगेच सांगितलं. हाच म्हणाला, विषय काढू नकोस."

"आई!"

"आई काय? म्हणालास ना? विषय काढला तर ती म्हणेल आता मला जमत नाही, आणि मग स्वयंपाक कुणाच्या गळ्यात पडेल? तुझेच शब्द. मला ह्या वयात ओट्याशी उभं राहवत नाही, मी म्हटलं बरं बाबा, नाही काढत."

वांगी निवून काळी पडली होती. नवऱ्याने घसा साफ केला.

"अगं, तुला वाईट वाटेल म्हणून."

"हे तेव्हा सुचलं होतं की आत्ता?"

तेवढ्यात फोन वाजला आणि त्याची नजर तिकडे गेली. क्षणभरच, पण गेली. माईनेही वाचलं. 'मास्टर, रविवारी हाच रस्सा हवा! बिअर आम्ही आणतो, कडूच.' खाली कुणीतरी हसरं तोंड टाकलं होतं.

"हे बघ," नवऱ्याचा आवाज आता समजुतीचा झाला. कारखान्यात एखादा मीटर पुन्हा चालू झाला की तो असाच बोलत असावा. "झालं ते झालं. उलट सगळं उघड झालं, बरंच झालं. रविवारी तू कर, आई तुझ्या शेजारी उभी राहून चाखेल. लपूनछपून नको. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"बाबा, गप्प बसा ना जरा!" मुलगी ओरडली. तिचे डोळे भरले होते. "माई, तू मला तरी सांगायचंस."

"तू माझ्यासमोर बसून जेवतेस," माई म्हणाली. "रोज."

मुलीने मान खाली घातली. इयरफोनची वायर तिने बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

माई उठली. टेबलावर फोटोतला ग्लास तसाच होता, दोन घोट कमी, फेस पार बसलेला. तिने तो उचलला, खुर्चीवर परत येऊन बसली आणि तिघांच्या देखत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई! ही पितेसुद्धा!"

"रोज पिते," माई म्हणाली. "हे तुम्हाला माहीत नव्हतं ना? बरं झालं, काहीतरी राहिलं."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. "तुला आवडते ती?"

त्याच्या तोंडून इतक्या महिन्यांत निघालेला हा तिच्याविषयीचा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर त्याला खरोखर ठाऊक नव्हतं. महिन्याभरापूर्वी विचारला असता तर तिने सगळं सांगितलं असतं. डॉक्टरीणबाईंचं, करपलेल्या चादरीचं, मोरीच्या कठड्याचं. आता तिने रिकामा ग्लास ताटाशेजारी ठेवला.

"उद्या सकाळी मी दुपारच्या पाळीला नाव देणार आहे," ती म्हणाली. "दोन ते दहा. रविवारपासून सुरू. संध्याकाळी मी घरी नसेन."