मुक्कामी गाडीतली दस्ती

आमच्या गावची मुक्कामी एसटी जिल्हा नवा झाला त्या सुमारास सुरू झाली. लातूर वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या आणि रोज खेड्यातून जाऊन-येऊन नोकरी करणारी माणसंही आली. गाडी रात्री पाराजवळ थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपायचे आणि सकाळी गाडी आमच्या गावातूनच निघायची. मी लातूरच्या एका दवाखान्यात कंत्राटी नर्स. त्यामुळे गाडीत पहिली चढणार मीच.

पहिल्या चढणाऱ्याच्या गळ्यात आमच्याकडं एक काम आपोआप पडतं. पुढच्या गावची अपडाऊनवाली मंडळी संध्याकाळी उतरताना आपापली दस्ती माझ्याकडं देऊन जायची. रुमालाला आम्ही दस्ती म्हणतो. सकाळी मी ज्याची दस्ती त्याच्या सीटवर अंथरायची. दस्ती पडली की जागा धरली गेली; मग खुद्द आमदार चढला तरी उभा राहील. हिरव्या काठाची दस्ती मोठ्या बाबूंची. ते लातूरच्या एका कचेरीत कारकून आणि गाडीतले कारभारी. खंडेनवमीला गाडीच्या हाराची वर्गणी तेच काढायचे, नारळही तेच फोडायचे. मला सिस्टरताई म्हणायचे. त्यांच्या तोंडून ताई निघायला किती वर्षं लागली हे माझं मला ठाऊक. आमच्या घरात भिंतीवर कुणाच्या तसबिरी आहेत हे कळल्यावर बरेच दिवस माझ्या डब्यातल्या भाजीला कुणी हात लावला नव्हता. दस्त्या मात्र पहिल्या महिन्यापासून बिनघोर सोपवत होते.

कोरोना आला आणि गाड्या बंद झाल्या. माझा नवरा नांदेडच्या एका ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर, तो घरी येऊन बसला. घरात पगार उरला माझा एकटीचा, आणि दवाखान्यानं तर सांगूनच टाकलं होतं की ज्याला येणं जमत नाही त्यानं उद्यापासून येऊ नये. मग मी मुलीची सायकल काढली. शाळेतून मिळालेली निळी सायकल. दुष्काळात आम्ही तिला दोन्ही बाजूंनी घागरी बांधून पाणी वाहिलं होतं, त्यामुळे तिचं मागचं चाक लचकत चालायचं. चाळिशी उलटलेली बाई ओढणी कमरेला खोचून सायकलवर निघाली हे बघायला पहिल्या दिवशी पारावर लोक जमले होते. अंतर ठेवून उभं राहायचं ते विसरले होते, मी जवळ गेल्यावर त्यांना आठवलं.

वाटेतल्या गावांनी शिवेवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. मी सायकल उचलून काट्यांवरून पलीकडं ठेवायची, मग स्वतः जायची. सलवारीच्या चिंध्या झाल्या. लातूरच्या रिंगरोडला सकाळी गिअरच्या सायकलींवर मोठी मोठी माणसं भेटायची. जिम बंद म्हणून त्यांनी सायकली घेतल्या होत्या. आमच्याच दवाखान्यातले एक डॉक्टर एकदा माझ्या बाजूनं जाताना म्हणाले, ‘वा सिस्टर, फिटनेस भारी ठेवलाय.’ मी हसले. दुसरं काय करणार, त्यांच्या सहीवर माझा पगार निघत होता.

फोन लावला की सहा फुटांचं अंतर ठेवा म्हणून एक बाई बजावायची. माझ्या आजीच्या काळात ते कुणी फोनवर सांगत नव्हतं, तरी गावाला तोंडपाठ होतं.

गाड्या सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा मला खरंच आनंद झाला. एवढ्या दिवसांत माझा उजवा गुडघा सुजून आला होता. बंदच्या आधीच्या संध्याकाळच्या सगळ्या दस्त्या माझ्याकडंच होत्या. त्या मी उकळत्या पाण्यात धुतल्या, इस्त्री केल्या, घड्या घातल्या. सकाळी गाडीत एकाआड एक सीटवर खडूनं फुल्या मारलेल्या होत्या. फुल्या सोडून मी दस्त्या अंथरल्या. पहिल्यासारखं वाटलं.

पुढच्या गावी मोठे बाबू पायरीवर चढले आणि मला बघून तिथंच थांबले.

‘कंडक्टर, ही बाई कोरोनाच्या वार्डात काम करती. तिला घेतलं तर आमी कुणी चढत न्हाई.’

कंडक्टर माझ्या ओळखीचा. त्याच्या बायकोच्या दोन्ही बाळंतपणांत मी रात्रभर उभी होते. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘ताई, उतरा. मला गाडी भरून न्यायची हाय. तुमी समजून घ्या.’

‘रोज तपासणी होते माझी,’ मी म्हणाले. ‘तुमच्यातल्या कुणाची झालीय का?’

‘लई बोलू नका सकाळी सकाळी,’ मोठे बाबू म्हणाले.

मी उतरले. माझ्यामागून कंडक्टरनं छत्रीच्या टोकानं एकेक दस्ती उचलली आणि खिडकीतून बाहेर टाकली. इस्त्रीच्या घड्या मोडल्या, मातीत पडल्या. गाडी निघून गेली. मी चालत घरी आले, सायकल काढली आणि त्या दिवशी दवाखान्यात उशिरा पोचले. अर्धा दिवस कापला.

दस्त्यांचं काम आता आमच्याच गावच्या एका माणसाकडं गेलं. तो पुण्याहून परतलेला, सरपंचाच्या भावकीतला. सारखा खोकायचा आणि धुळीची अ‍ॅलर्जी म्हणायचा. तो घरचा माणूस, त्याचा खोकलाही घरचा. पावसाळा संपत आला तेव्हा अर्धी गाडी तापानं फणफणली.

मोठे बाबू आमच्या वॉर्डात आले ते ऑक्सिजन लावूनच. मी किटमध्ये, डोळेसुद्धा चष्म्याआड. त्यांनी आवाजावरून ओळखलं.

‘सिस्टरताई का?’

‘हाव.’

‘इथं आपलं माणूस कुणी न्हाई. तुमी जवळ थांबा.’

खरं सांगते, मला दया आली नाही. राग आला, आणि तो राग ड्युटीभर मला पुरला. पण मी थांबले. पाणी पाजलं, कूस बदलली, नळी नाकातून निसटली की पुन्हा लावली. चौथ्या दिवशी ते गेले. नातेवाइकांना आत यायची परवानगी नव्हती. त्यांचं तोंड मी पुसलं, हनुवटी मी बांधली आणि पिशवीची चेन मी ओढली. घरच्यांना फोनही मीच केला. पलीकडून त्यांच्या बायकोनं एकच विचारलं, शेवटी जवळ कोण होतं. मी म्हणाले, मी होते.

दसऱ्याच्या आधी गाडीत सगळ्या सीटा भरायची मुभा मिळाली. दरम्यान माझ्या गुडघ्यात पाणी झालं होतं. हाडाच्या डॉक्टरांनी सायकल बंद करा म्हणून सांगितलं. नाहीतर चालणंही बंद होईल. नवऱ्याला अजून काम नव्हतं. गाडीत जागा मिळाली तर नोकरी, नाहीतर नाही, इतकं ते सरळ होतं.

मी पहाटेच पाराजवळ गेले आणि पहिली चढले. पण दस्त्या रात्रीच अंथरून झाल्या होत्या. पुण्यावाला आणि आमच्या शेजारची अंगणवाडीची बाई पुढं बसलेले. मोठ्या बाबूंच्या खिडकीच्या सीटवर नवी पांढरी दस्ती आणि तिच्यावर झेंडूचा हार.

‘ही जागा?’ मी विचारलं.

‘बाबूंची हाय,’ अंगणवाडीची बाई म्हणाली. तिची जागा मी वर्षानुवर्षं धरली होती. ‘वरीसभर तशीच ठेवायची ठरलंय. त्यांचा जीव घुटमळत असंल.’

‘अन् मी कुठं बसू?’

‘तुमी उभ्या ऱ्हावा ना मागं. तुमाला काय, सवय हाय कष्टाची.’

माझं डोकं तडकलं. मी म्हणाले, ‘त्यांना पिशवीत मी घातलं. जीव कुठं घुटमळतो ते मला विचारा.’

हार उचलून मी समोरच्या दांडीला अडकवला. दस्तीची घडी घालून अंगणवाडीच्या बाईच्या मांडीवर ठेवली. ती झटकून तिनं खाली पाडली. मी खिडकीशी बसले आणि पाय लांब केला.

पुण्यावाला उठून कंडक्टरकडं गेला. दोघं काहीतरी बोलत राहिले. या वेळी कंडक्टर मला उतरवायला आला नाही. त्यानं लांबूनच तिकीट दिलं आणि पैसे सीटवर ठेवायला सांगितले. पुढच्या गावी मंडळी चढली, मला बघितलं आणि पुढं सरकली. त्यापुढच्या गावी शाळकरी पोरी, बाजाराच्या बायका चढल्या. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई माझ्या शेजारी टेकणार होती. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं आणि ती लेकरासकट उभी राहिली. गाडी खच्चून भरली. माणसं दांड्याला लोंबकळत होती, एकमेकांच्या तोंडावर खोकत होती, पायावर पाय पडत होते. मी थोडी सरकून दोन-तीनदा म्हणाले, बसा, जागा आहे.

माझ्या शेजारी लातूरपर्यंत कुणी बसलं नाही.