नुसत्या चुन्यावरची पाल

पाल भिंतीवरून पडत नाही, असं मी ताईला छातीठोकपणे सांगितलं होतं. मी तेव्हा रत्नागिरीच्या कॉलेजात एस.वाय. बी.एस्सी.ला होते, विषय प्राणिशास्त्र, आणि घरात माझ्याइतकं शहाणं कोणी नाही याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

प्रश्न ताईच्या लग्नाचा होता. ती शाळेत शिकवायची. सकाळच्या एसटीत पाटबंधारे खात्यातला एक कारकून रोज तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचा. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलली नव्हती, पण त्या जागेपायी ताई रात्रीच उद्याची साडी काढून ठेवायची. पुढे त्याच मुलाचं स्थळ मध्यस्थाकडून रीतसर सांगून आलं, तेव्हा ती मागल्या अंगणात जाऊन एकटीच हसून आली. खिडकीची भानगड फक्त मला ठाऊक होती.

मध्यस्थ जाता जाता म्हणाला, "मुलाच्या आईला जपा हो. मागे मंडणगडला मुलगी बघायला गेली होती. ऐन बोलण्यात पाल चुकचुकली, तशी पोहे टाकून उठली."

आमच्या घरात माणसं चार आणि पाली किती ते विचारूच नये. ताईचा चेहरा उतरला. चुकचुकण्याचं एक वेळ निभावेल, पण अंगावर पडली तर?

मी तिला खिडकीपाशी नेलं. दिवा लागला की किड्यांसाठी एक पाल बाहेरून काचेला चिकटायची आणि आतून तिचे तळवे लख्ख दिसायचे. कॉलेजातलं भिंग ताईच्या हातात देऊन मी सुरू झाले. "बोटांखाली आडव्या वळ्या दिसतायत? त्यांच्यावर केस असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. प्रत्येक केसाला टोकाशी आणखी फाटे. खळ नाही, डिंक नाही, काही नाही. ती लाखो टोकं भिंतीला इतकी खेटतात की भिंत त्यांना ओढून धरते. एकट्या टोकात काही दम नसतो, पण सगळी मिळून पालीला उलटी टांगून ठेवतात."

"मग सुटते कशी?"

"टोकाकडून बोटं वर वळवते. चिकटपट्टी सोलतो ना आपण, तशी."

तेवढ्यात पालीने पाऊल उचललं आणि तिची बोटं खरंच उलटी वळली. ताई किंचाळलीच. मग आम्ही दोघी हाताची बोटं उलटी वळवत घरभर चालत सुटलो, पोट दुखेपर्यंत हसलो. दोघींना एकदम वेड लागल्याचं आईने जाहीर केलं.

बाबांना मात्र केसांचा भरवसा वाटेना. पाली हुसकायला त्यांनी भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या आणि बाहेरची खोली रंगवायला काढली. चुना भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात सरस घालतात. बाबा म्हणाले, "हाडांचा सरस नि माझ्या भिंतीला? जमायचं नाही." मग नुसताच चुना फासला. खोली पांढरीशुभ्र झाली आणि जो टेकेल तोही पांढराशुभ्र होऊ लागला.

पाहुणे आले त्या दिवशी आम्ही सगळे पाठ न टेकता ताठ बसलो होतो. मुलाच्या आईला ते शिस्तीचं घर वाटलं असावं. "अगो, मान वर करायची नाही," असं आईने ताईला बजावलं होतं. ताई पोहे देऊन खाली बघत बसली. मुलगा भिंतीलगतच्या खुर्चीत होता. त्याच्या बरोबर वर, परत टांगलेल्या तसबिरीमागून पाल बाहेर आली.

मी निर्धास्त होते. पण तिने दोन पावलं टाकली आणि ती सरकली. पाऊल उचललं तर तळवा पिठात बुडवल्यासारखा पांढरा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केसांनी चुना घट्ट धरला होता, चुन्याने भिंत धरली नव्हती.

पाल थेट मुलाच्या डोक्यावर आपटली, तिथून जमिनीवर आणि तिथून दाराबाहेर. मला इतकं हसू फुटलं की मी पदर तोंडात कोंबला.

त्याची आई बशीतला खोवलेल्या खोबऱ्याचा चव बाजूला सारत होती. दचकून तिने वर पाहिलं. "पाल? कुठे पडली रे? पंचांग आणा हो." बाबांनी मुकाट्याने पंचांग आणून दिलं. तिने बोट फिरवत वाचलं. खांद्यावर चांगली. डोक्यावर पडली तर मात्र इतकी अशुभ की बोलणंच नको.

"खांद्यावर," मुलगा म्हणाला. त्याच्या भांगात चुन्याचा फराटा होता.

त्याची आई त्या फराट्याकडे बघत राहिली. "नक्की? पाह्यलं कोणी?"

बाबा छताकडे बघू लागले. मध्यस्थाने पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. माझं तोंड पदराने भरलेलं.

"खांद्यावरच पडली," ताई म्हणाली. तिची मान चांगली वर होती. "मी मघापासून त्यांच्याकडेच बघतेय."

माझ्या आईने कपाळाला हात लावला. मुलगा कानापर्यंत लाल झाला. त्याच्या आईने एकदा ताईकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, मग हात लांब करून त्याच्या भांगातला चुना झटकला.

"मिटा हो ते पंचांग," ती बाबांना म्हणाली. "ह्यांचं आधीच ठरलंय."