हसताना अडकलेली अक्का

मंडळी, दुपारी शाहूपुरीतल्या नेट कॅफेतून आलोय, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आज आईला पहिल्यांदाच व्हिडिओ कॉलसाठी नेलं. थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन इंग्लंडला गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आईनं तिला बघितलेलंच नव्हतं.

कॉल लागला, पण अक्काच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन. वाक्यं अर्धवट. मी नेटवर्कच्या कामातला माणूस. डेटा छोट्या छोट्या पॅकेटमधून येतो, ती वाटेत हरवत होती. अशा वेळी व्हिडिओ बंद केला की आवाज नीट येतो. केला. आवाज खणखणीत!

आई उखडली. "आवाज दर आयतवारी फोनवर ऐकतोय की! नवं लुगडं नेसून आलोय ते काय उगंच?"

मग अक्काला सांगून उलटं केलं. आवाज बंद, चित्र बारीक करून चालू. दोघी खुणांनीच बोलायला लागल्या. अक्कानं कापलेले केस दाखवले, आईनं कपाळावर हात मारला. अक्का खळखळून हसली आणि तशीच अडकली. चित्र हलेना.

आईनं पडद्यावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझा हात माउसकडं गेला.

"आसू दे रं. थांबलीया तवर बघू दे."

पण माझी सवय वाईट. मी कॉल तोडून परत लावायला गेलो. लागलाच नाही. पडदा काळा.

"घालवलीस की रं तिला," आई म्हणाली आणि लुगडं सावरत उठली.

खरं सांगा, तुम्ही असता तर हात आवरला असता?