दवाखान्याचं ताट

आमच्या दवाखान्यातल्या अक्का स्वतः अंगाने भरलेल्या. त्यामुळे जाड मुलांच्या आईबापांना शिकवायचं काम या नर्सबाईंकडे आलं, तेव्हा बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. "आधी स्वतःकडे बघा म्हणावं!" मी केसपेपरच्या खिडकीत बसते, मला सगळं ऐकू येतं, आणि माझं डोकं फिरतं. अक्कांचं फिरत नसे. "हसू दे गं," म्हणायच्या, "हसायला तरी येतात ना."

वर्ग शनिवारी, लसी देतात त्या खोलीत भरायचा. मुलाचं वजन अक्का चारचौघांत कधी करत नसत. दार लावून, एकेकाला आत घेऊन करायच्या. आणि एकच गोष्ट घोकून घ्यायच्या. घरात शिजेल ते सगळ्यांनी सारखं खायचं, ताट लहान करायचं तर बापापासून आजीपर्यंत सगळ्यांचं करायचं. एखादा बाप कुरकुरला की तोंडावर सांगायच्या, "पोर एकटं जाड होत नाही हो, अख्खं घर हातभार लावतं."

हे त्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. लहानपणी जाड म्हणून त्यांच्या आईने त्यांना वेगळं वाढलं होतं, भावांना पोटभर आणि यांना चिमूटभर. "मग मी चोरून खायला लागले," एकदा चहा पिताना मला म्हणाल्या. "अजूनही कुणी बघत असलं की घास उतरत नाही." खरंच, त्यांना डबा खाताना मी कधी पाहिलं नाही.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे लहान ताटं मागितली, घरातल्या सगळ्यांना पुरतील एवढी. डॉक्टर म्हणाले, "पेशंट एक, तर ताट एक. बापाचा केसपेपर आहे का?" अक्कल गहाण टाकलेला माणूस! अक्का म्हणाल्या, "मग साहेब, एकही देऊ नका." पण त्यांचं कोण ऐकतंय? ताटं आली, काठावर दवाखान्याचा शिक्का, आणि साहेबांनी ती स्वतः मुलांच्या हातात देऊन फोटो काढून घेतले.

त्यांतलं एक ताट शिंपीणबाईंच्या मुलीला मिळालं. घरी तिला ढोली म्हणायचे. बडबडी पोरगी, कुणी हसायच्या आधी आपणच आपल्यावर विनोद करायची. थोड्याच दिवसांत तिचं वजन झरझर उतरलं. साहेबांना कोण आनंद! त्यांनी तिला सगळ्यांसमोर स्टुलावर उभं केलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगी पायाच्या बोटांकडे बघत राहिली.

"हिची बडबड कुठे गेली?" अक्का म्हणाल्या, आणि संध्याकाळी मला घेऊन तिच्या घरी गेल्या.

दाराशी शिलाई मशीन, आत टेबल. टेबलाशी बाप, दोघं भाऊ आणि आजी जेवत होते. पोरगी स्वयंपाकघराच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून, ते ताट मांडीवर घेऊन बसलेली.

"तिथे बसली की दुसऱ्यांदा मागत नाही," शिंपीणबाई म्हणाल्या. "आणि इथे भाऊ चिडवतात, दवाखान्याचं ताट आलं म्हणून."

"वजन उतरलंय ना? मग बिघडलं कुठे?" बाप म्हणाला.

"तुमचं ताट का नाही बदललं?" अक्कांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

पोरगी हळूच अक्कांच्या कानाशी आली. "हे ताट तुम्ही परत न्या ना. मग मला टेबलाशी बसू देतील."

अक्कांनी ताट घेतलं, विसळलं आणि पिशवीत टाकलं. मग त्या बापावर अशा कडाडल्या की आजीचा हात तोंडापाशीच थांबला. शिंपीणबाई रडायला लागल्या. "दिवसभर मशीनवर पाय मारते मी. घरात कुणाकुणाशी भांडू? बसवते उद्यापासून टेबलाशी." मला वाटलं, सुटली पोर. परतताना अक्काही हसत होत्या.

पुढे काही शनिवार ती आलीच नाही. आली तेव्हा गालाची हाडं दिसत होती. अक्कांनी तिला वजनाला आत घेतलं. मी पेपर द्यायला आत गेले होते, तिथेच थांबले.

"आता टेबलाशी बसतेस ना?"

तिने मान हलवली. नाही. "ताट तुम्ही नेलंत ना. आई आता डब्याच्या झाकणात वाढते." अक्कांचा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं असावं. घाईघाईने म्हणाली, "पण त्याच्यावर शिक्का नाहीये अक्का. आता दादा चिडवत नाही."

शिकवून शिकवून घसा कोरडा केला बाईंनी, आणि घराने उचललं काय, तर झाकण!

बाहेरून साहेबांचा आवाज आला, "किती उतरलं हो हिचं? आणा बाहेर, टाळ्या वाजवू."

अक्कांनी उठून दाराला आतून कडी घातली.