शिंपडलेला बोर्ड

"खंयची गो तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. बौद्धवाडीतली म्हणून सांगितलं. त्यात लपवायचं काय?

तारकर्लीत पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका काकांच्या घरापुढच्या खळ्यात मी बसले होते. पुढ्यात त्यांचा कॉम्प्युटर, एका बाजूनं उघडा. त्यातला मदरबोर्ड जळला होता. मी दुकानातून दुसरा आणून बसवला होता, वापरलेला पण चांगला. स्क्रीन सुरू झाली होती. तोवर काका खूश होते, चहाचं विचारत होते. माझं उत्तर ऐकलं आणि मागे सरकले.

"आधी सांगूक नको?" मग घरात हाक मारली, "वायच गोमूत हाड गो."

काकी गोमूत्राचा तांब्या घेऊन आल्या. तुळशीचं पान बुडवून शिंपडायला लागल्या. माझ्या बाजूच्या जमिनीवर. कीबोर्डवर. मग उघड्या कॉम्प्युटरच्या आत. मी "काकी, करंट चालू आसा" म्हणेपर्यंत टच्‌कन आवाज झाला. स्क्रीन काळी. मी धावत जाऊन प्लग ओढला. जळका वास सुटला होता.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "खराब बोर्ड दिलंस."

मला रडू आलं नाही. रागही आला नाही तेव्हा. लाज वाटली. त्याचीच आज चीड येते. शिंपडलं त्यांनी आणि मान खाली घातली मी.

मालवणात एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी कामाला होते. मुंबईच्या ऑफिसांतून काढून टाकलेले बोर्ड यायचे, ते तपासायचं काम माझं. आमच्याकडे लिनक्सची लाइव्ह डिस्क होती. बोर्डाला रॅम लावायची, डिस्क घालायची, बटण दाबायचं. हार्डडिस्क लागत नाही, सगळं डिस्कवरूनच चालतं. मग बघत बसायचं. आवाज येतो का, नेटची वायर घेतो का, पेनड्राइव्ह दिसतो का, तापला की मध्येच मान टाकतो का. खाऱ्या हवेनं हिरवा गंज चढलेला असला तर तो बाजूलाच. पास झालेला बोर्ड बसवला की गिऱ्हाइकासमोर तीच डिस्क परत चालवून दाखवायची, ही आमच्या दुकानाची रीत. काकांच्या खळ्यात तीच चालू होती. बोर्ड जिवंत होता हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

डिस्क काढून घेतली की कॉम्प्युटरवर तिचं काहीच उरत नाही. या लोकांना आम्ही तसेच हवे असतो. काम करा आणि जा, मागे खूण नको.

दुकानाच्या मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. माणूस वाईट नव्हे. काम मला त्यांनीच शिकवलं. मी झालेलं सगळं सांगितलं तेव्हा मेलेला बोर्ड त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग काकांचा नंबर लावून फोन माझ्यापुढे धरला.

"तपासताना माझी चूक झाली म्हणान सांग. त्यांच्या वळखीन गिऱ्हायका येतत. इषय मिटात."

"भाऊ, तुमका पटता काय, ही माझी चूक?"

"नाय. पण सांगूक तुझा काय जाता?"

काय जातं माझं. माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडते. बोटांची कातडी काळी पडून सोलवटली आहे तिच्या. कोणीही ओरडलं की ती आधी म्हणते, "माझाच चुकला." तिचं ते वाक्य ऐकत मी मोठी झाले. हातात काम आलं की ते वाक्य माझ्या तोंडी येणार नाही, असं मला वाटायचं. आणि ज्यांनी ते काम शिकवलं तेच मला ते वाक्य बोलायला सांगत होते.

"मी सांगूचंय नाय," मी म्हटलं. "बोर्ड बरो होतो. गोमुतान मेलो."

पलीकडे फोन उचलला गेला होता. काकांनी ऐकलं असणार. भाऊंनी घाईघाईनं फोन बंद केला.

"उद्यापासून येव नको," ते म्हणाले. मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले तर मागून हळूच म्हणाले, "आणि हे बघ, ते ॲट्रॉसिटी वगैरे काही करू नकोस."

भाऊ एरवी माझ्याशी मालवणीतच बोलायचे. ते वाक्य मात्र ऑफिसातल्या मराठीत आलं. तोवर तक्रारीचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. हे लोक कशाला घाबरतात ते मला त्यांच्याकडूनच कळलं.

मी पोलिसांत तक्रार दिली. काकी म्हणतात, तुळशीला पाणी घालताना चुकून उडालं. भाऊ म्हणतात, मी तिथं नव्हतो, मला काही ठाऊक नाही. दुसरं काम अजून मिळालेलं नाही. आई रोज म्हणते, "मागे घे गो, आपणाक हयच रवाचा आसा."

इथंच राहायचं आहे, म्हणूनच मागे घेणार नाही. त्या दिवशी मला काय विचारलं, मी काय सांगितलं आणि त्यानंतर तांब्या कशासाठी मागवला, हे काकांना कोर्टात सगळ्यांसमोर विचारलं जाईल. तेव्हा मी समोर उभी असेन.