सोनपेठचा डाग

“डिलिव्हर्ड म्हणायलंय तुमचं मशीन. मेडिकलवाला म्हणायलाय, आलंच न्हाई. मग माझा डबा गेला कुठं, ताई?”

डॉक्टर माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. डॉक्टर म्हणजे जनावरांचे, आता निवृत्त, राहणार सोनपेठ. परभणीतल्या आमच्या कुरियर ब्रँचचे जुने गिऱ्हाईक. बाकीच्यांची पार्सलं चपलांची नाहीतर मोबाईलच्या कव्हरांची. यांची येतात परदेशातून, आणि आत निघते आगगाडी.

टिनप्लेट म्हणतात त्या खेळण्यांना. पातळ पत्र्यावर आधी रंगीत छपाई करायची, मग तो कापून, वाकवून, कडेच्या जिभा खाचेत दुमडून गाडीचे डबे बनवायचे. जत्रेतल्या चावीच्या मोटारींची ही थोरली बहीण. तिकडचे व्यापारी अशा जुन्या डब्यांचे कॅटलॉग छापतात. डॉक्टर ते मागवतात, पेन्सिलीने खुणा करतात आणि ऑर्डर देतात. इंजिन त्यांच्याकडे होतं, हिरवे प्रवासी डबे होते. नव्हता तो फक्त जेवणाचा डबा. भाजी-पोळीचा नव्हे, गाडीत जेवायला बसतात तो. त्याचं छत उचललं की आत टेबलं आणि टेबलांवर इवलेसे लाल दिवे. हा डबा कॅटलॉगमध्ये झळकला की डॉक्टरांची ऑर्डर पोचेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी उचललेला असायचा. या खेपेला त्यांनी गच्चीवर जाऊन, रेंज धरून, थेट फोनच लावला. डबा त्यांचा झाला.

तेव्हापासून रोज मला विचारणा. त्या दिवशी तर धीर न धरवून ते सकाळच्या एसटीने परभणीलाच निघाले. इकडे पार्सल आमच्या जीपमधून सोनपेठच्या वाटेला लागलेलं. झाली चुकामूक. जीपवाल्या सुभाषने फोन केला तेव्हा डॉक्टरांनी एसटीच्या खडखडाटात ओरडून सांगितलं होतं, “पत्र्याचा डबा हाय बाबा, जपून! बाजारात पत्रेवाल्याच्या बाजूला मेडिकल हाय, तिथं ठेव.”

मी पीओडी उघडली. पीओडी म्हणजे माल मिळाल्याची सही. सही होती ‘रऊफ’. मेडिकलवाल्याचं नाव काही रऊफ नव्हे. मी सुभाषला स्पीकरवर घेतलं.

“दिला की ताई. पत्रेवाल्याकडं, रऊफचाचाकडं.”

“अरे, मेडिकलवर द्यायचा होता ना?”

“पत्र्याचा डबा मेडिकलवर कोण ठेवंल? मला वाटलं, ऐकण्यात चुकलं असंल. अन् बरंच झालं, ताई. खोका एका बाजूनं फाटला होता. चाचानं उघडून बघितलं तर वरचं छतच सुटं! म्हणले, दुरुस्तीला आलेला दिसतो, चारी बाजूनं पक्का डाग देऊन ठेवतो.”

डाग देणे म्हणजे तापलेल्या लोखंडाने कथील वितळवून सांधा बंद करणे. गळक्या बादलीला त्याने जीवदान मिळतं. डॉक्टर मात्र मटकन खुर्चीत बसले.

“छत बंद झालं तर उरलं काय, ताई? अन् आच लागली की छपाई करपती. असा दुसरा डबा मला या जन्मात मिळायचा न्हाई.”

रऊफचाचांचा फोन नुसता वाजत राहिला. ठोकाठोकीत त्यांना ऐकू जात नाही म्हणे. डॉक्टरांनी मेडिकलवाल्याला फोनवर गाठलं. “पळत जा अन् चाचाला सांग, डब्याला डाग नको!” फोन चालूच ठेवून तो पळाला. मेडिकलवाला परत आला.

“सांगितलं, डॉक्टरसाहेब. चाचा म्हणले, फिकर करू नका. एक डाग दिसणार न्हाई, असं साफ काम करतो.”

पुढे काही बोलायच्या आत फोन कट. आठवडी बाजाराचा दिवस, त्याच्या काउंटरला गर्दी. त्यानंतर त्याने उचललाच नाही.

मी गाडीची किल्ली उचलली आणि शटर ओढता ओढता हेड ऑफिसला कळवलं.

“डिलिव्हर्ड आहे ना?” साहेब म्हणाले. “मग केस क्लोज करा.”

“सर, केस क्लोज केली तर छतही क्लोज होईल.”

“काय?”

“आल्यावर सांगते.”

गाडीत डॉक्टरांनी पिशवीतून कॅटलॉग काढला. पानं हाताळून मऊ पडलेली. एका वळणावर म्हशींनी रस्ता अडवला, तेव्हा त्यांनी ते पान माझ्यापुढे धरलं. हिरवा डबा, सोनेरी रेघा, उचललेलं छत आणि आत ते दिवे. खरं सांगते, मला वेड लागायचंच बाकी राहिलं. इतकी वर्षं खोके इकडून तिकडे पाठवले, पण आतल्या वस्तूसाठी माझी छाती कधी अशी धडधडली नव्हती. डॉक्टरांनी काच खाली करून म्हशींना असा काही आवाज दिला की त्या मुकाट्याने बाजूला झाल्या. मग मीही गाडी दामटली.

सोनपेठच्या बाजारात गाडी सोडून आम्ही अक्षरशः पळालो. चाळण्या, नरसाळी, कोठ्या टांगलेल्या, त्यांच्या खाली रऊफचाचा. मांडीवर डबा, हातात तापून लाल झालेलं लोखंड.

“चाचा, हात थांबवा!” मी अशी ओरडले की पलीकडची मिरचीवाली तराजू धरून उभी राहिली.

“सबर करो, डॉक्टरसाब,” चाचा म्हणाले. “गिऱ्हाइकात लेट झालं. खालचा आकडा हलायला होता, तेवढा पक्का केला. छताला आताच हात घालायलोय.”

डॉक्टरांनी डबा अलगद उचलून घेतला. आधी उलटा केला. खाली जोडायच्या आकड्यापाशी कथलाचा एक चमकता थेंब. मग सरळ धरला, छत दोन बोटांत पकडलं आणि उचललं. टेबलं जागेवर. दिवे जागेवर. एकही हललेला नाही.

“हाय! समदं हाय!” डॉक्टर भर बाजारात मोठ्याने हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवू कशाला?

चाचा वाकून आत बघत होते. “या अल्ला! हे उघडायचंच हाय? मी तर कायमचं बंद करायलो होतो. पण डॉक्टरसाब, एवढ्याशा डब्यात ठेवायचं काय?”

“काही न्हाई, चाचा. बघायचं.”

मग चाचांनी पाहिलं, मिरचीवालीने पाहिलं, उशिरा धावत आलेल्या मेडिकलवाल्याने पाहिलं. लोखंड केव्हाच काळं पडलं होतं.

माझं काम बाकी होतं. “डॉक्टर, खाली डाग आहे. डॅमेज म्हणून नोंदवू का? कॅटलॉगवाल्यांच्या लेखी अशा डब्याची किंमत घसरते ना?”

“घसरती,” ते म्हणाले. “पण विकायचाय कुणाला? राहू द्या. सोनपेठचा डाग हाय.”

तेव्हापासून आमच्या ब्रँचमध्ये कुणी ‘डबा’ म्हटलं की मी विचारते, कसला? जेवणाचा म्हटलं तर आणखी विचारते, भाजीचा की रेल्वेचा? लोक हसतात. हसू देत. आपण बोललो तेच समोरच्याने ऐकलं, असं कुरियरच्या धंद्यात कधी धरून चालू नये.

परवाच डॉक्टरांचा फोन आला. नव्या कॅटलॉगमधून झोपायचा डबा ठरवलाय. छत त्याचंही उचलतं.

“पत्ता तोच ना? मेडिकल?” मी खात्री करून घेतली.

“न्हाई न्हाई. रऊफचाचाकडंच द्या, त्यांना पहिल्यांदा बघायचाय. फक्त म्हणावं, मी येईपर्यंत भट्टी विझवून ठेवा.”