चक्कीच्या बाहेर घेतलेला फोन

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. पोरीले नाई, भावाले नाई, आणि ज्याच्या ठेल्यावर रोज बसतो त्या पानवाल्याले तं बिलकुल नाई — त्याले सांगितलं असतं तं दिवस बुडायच्या आत साऱ्या पोंभुर्ण्यात झालं असतं. तुमाले सांगून राह्यलो, कारण तुमी मले ओळखत नाई. ओळखत असते तं तुमीही तेच म्हणाले असते जे सारे म्हणतात. माणूस असावा तं असा. बायकोले हाताले धरून फिरवते, घास भरवते, तिची वेणी घालून देते. बाया आपल्या नवऱ्यांले माझ्याकडे बोट दाखवून सांगतात म्हणे. मी ऐकतो न् खाली मान घालतो, आणि लोकांले वाटते, किती साधा माणूस हाये पाहा.

साधा? बरं, सांगतोच. पण थोडं आडून आडून सांगतो, सरळ सांगाची हिंमत अजून होऊन नाई राह्यली.

माझी आटाचक्की हाये. माझी म्हणजे पाटीवर नाव माझं हाये, बस. चालवायची वच्छला, माझी बायको. मोटर लावणं, पट्टा चढवणं, वरच्या पेटीत धान्य ओतणं, खाली डबा लावणं, सारं तीच. मी समोरच्या पानठेल्यावर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत देशाचा कारभार पाहाचो. कोणी मोठं गिऱ्हाईक आलं की उठून हिशेबाले उभा राहाचो, म्हणजे मालक कोण ते दिसले पाहिजे ना.

एकदा आमच्या विहारात दवाखान्याची माणसं बीपी तपासाले आली. माझा बरोबर निघाला. मी छाती फुगवून बाहेर आलो, जसं काही मीच तो कमावला. वच्छलाचा त्या सिस्टरबाईनं मोजला, मंग पुन्हा मोजला, मंग दुसऱ्या हाताचा मोजला. गोळ्या देल्ल्या. म्हणाली, दर आठवड्याले फोन येईन, काय खायचं, कसं चालायचं, गोळी कशी घ्यायची, सारं फोनवर समजावून सांगतील. नंबर सांगा.

वच्छलाजवळ कुठचा आला फोन? आमच्याकडे घरचा नंबर म्हणजे घरच्या माणसाचा नंबर. मी माझा सांगितला. तिथी कोणालेच त्याच्यात काही वावगं वाटलं नाई. वच्छलालेही नाई.

फोन गडचिरोलीतून याचा, बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी. पल्लवी नावाची पोरगी बोलाची. गोड बोलणं, घाई नाई, पोटच्या पोरीसारखं विचारायची. पहिला फोन आला तेव्हा मी चक्कीत होतो. आत आवाजात काही ऐकू येत नव्हतं म्हणून रस्त्यावर आलो. ती म्हणाली, "काका, काकूंना देता का फोन?" मी मागं वळून पाह्यलं. वच्छला डोक्याले फडकं बांधून, भुवयांपर्यंत पिठानं पांढरी, कोण्या बाईचा डबा ठोकून ठोकून भरून राह्यली होती. हाताचा इशारा केला असता तं आली असती. मोटर बंद करून बाहेर याले किती वेळ लागते?

मी म्हणालो, "चक्की चालू हाये बेटा. मले सांगा, मी सांगतो तिले."

तुमाले यात काही वाईट दिसते का? मलेही दिसलं नाई. असंच तं चालते. पण पुढचं सारं त्या एका वाक्यातून निघालं.

पहिल्या खेपेले मी खरंच सांगितलं तिले. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, सुकट बंद, रोज सकाळी चालणं. वच्छलानं त्याच रात्री वांग्याची भाजी अळणी केली. मी एक घास खाल्ला न् ताट पुढं सरकवलं. म्हणालो, हे काय दवाखान्यातलं जेवण हाये का? दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ होतं तसंच होतं, आणि वरून सुकटीची चटणी. दोन भांडी वेगळी कोण शिजवत बसन, चक्की सांभाळून? जे मी खाल्लं तेच तिनं खाल्लं. जिभेचे चोचले माझे, आणि रगत तिचं.

चालणंही तिनं सुरू केलं होतं. शेजारच्या बाईसोबत जंगलाच्या रस्त्यानं जायची, परत येताना पदरात मोहाची चार फुलं राहाची, गाल लाल. बरी दिसायची. मंग एक दिवस सकाळीच एक बाई दळण घेऊन आली न् दार बंद पाहून परत गेली — दार बंद, काऊन का मी झोपलो होतो. वच्छला आल्यावर मी तिच्यावरच उखडलो. इथी गिऱ्हाईक परत जाऊन राह्यलं आणि तू तिकडं हवा खाऊन राह्यली. तिनं चप्पल कोपऱ्यात ठेवली. शेजारीण मंग एकटीच जायची.

आणि बेस्तरवारी पल्लवीनं विचारलं, "काका, फिरणं चालू आहे ना काकूंचं?"

मी म्हणालो, "रोज. मी सोबत जातो ना."

हे कुठून आलं तोंडात? माझं मलेच समजलं नाई. पण ती पोरगी इतकी खूश झाली. म्हणाली, "काका, तुमच्यासारखे घरचे मिळाले की आमचं काम अर्धं होतं. मी दुसऱ्या काकांना तुमचंच उदाहरण देते." — कसं सांगू तुमाले मले काय वाटलं? माझ्या साऱ्या जिंदगीत मले कोणी शाबासकी देल्ली नव्हती. बापानं नाई, मास्तरनं नाई. आणि देणार कशाची? शाबासकी देण्यासारखं मी केलं काय होतं? आता ही फोनवरची पोरगी देऊन राह्यली होती, फुकटात. मले चटक लागली. खर्र्यापेक्षा वाईट.

मंग मी बेस्तरवारची वाट पाहाले लागलो. फोन वाजला की ठेल्यापासून दूर, कडुनिंबाखाली जाऊन उभा राहाचो आणि एक एक रचून सांगाचो. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. दोघं मिळून मोहाच्या झाडाईपर्यंत जातो. रात्री भाजी मीच करतो कधीमधी, तिले आराम पडावा म्हणून. ती पोरगी हसायची, हो का काका, वा काका, म्हणाची. मागं चक्की घरघर करून राह्यली असाची, आणि वच्छला तिच्यात.

पोरीनं मधीमधी विचारलं, काकूंशी बोलता येईल का आज. मी म्हणाचो, चक्की चालू हाये. हे तेवढं खरं असाचं.

आतापर्यंतचं आळस म्हणून, बढाई म्हणून कोणी खपवूनही घेईन. पण मी जे लपवलं ते हे नोहे. ते इथून पुढं हाये.

गोळ्या सरल्या. लग्नसराई होती, हळद-मिरची-डाळ, चक्कीवर डबे ठेवाले जागा नाई. वच्छला म्हणाली, गोळ्या सरल्या, दवाखान्यातून आणजा. हो म्हणालो. तिथी लाईनीत उभं राहा लागते, म्हणून गेलो नाई. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा आठवण देल्ली. मंग एक-दोन दिवसानं पुन्हा. मी ठेल्यावरून नुकताच उठून आलो होतो, ऊन तापलं होतं, डोकं भणभणून राह्यलं होतं. मी म्हणालो, "अवं, त्या पोरीशी बोललो मी. ती म्हणाली, चक्कर-बिक्कर येत नसन तं आता गोळीची गरज नाई."

पल्लवी याच्या बरोबर उलटं म्हणाली होती. दर खेपेले म्हणाची. काका, बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही, बीपी दुखून सांगत नाही. माझ्याकडून वदवून घ्याची. मी ते पाठ म्हणून दाखवाचो, शाळेतल्या पोरासारखं.

वच्छलानं विचारलं, "तिनं सांगितलं?"

"मंग मी काय मनचं सांगून राह्यलो?"

ती हसली. म्हणाली, बरं झालं, एक काम कमी झालं. आणि पदरानं तोंडावरचं पीठ पुसून पुन्हा आत गेली. त्या पोरीवर तिचा भरवसा होता. जिचा आवाजही तिनं कधी ऐकला नव्हता, तिच्यावर.

पुढं मी पल्लवीले सांगत राह्यलो — गोळी चालू हाये, टाइमावर घेते. आणि मनात म्हणाचो, उद्या जाऊन आणतो. मनात होतं, खरंच होतं. पण मनात असून काय कामाचं?

तुमी कधी रिकामी चक्की ऐकली हाये का? दाणा सरला न् पाट तसेच फिरत राह्यले की आवाज बदलते, दगडावर दगड घासल्याचा, दात शिवशिवतात. मी ठेल्यावर होतो. तो आवाज आला न् मले राग आला. पाट घासून राह्यले, एवढंही ध्यान नाई हिचं. शिव्या देतच आत गेलो. वच्छला पोत्याले टेकून खाली बसली होती, एक पाय विचित्र मुडपलेला, तोंड एका बाजूले वाकडं. उजवा हात मांडीवर पडला होता, पीठ भरलेला, जसा तिचा नाईच.

मी आधी मोटर बंद केली. पाट वाचले पाहिजेत म्हणून. मंग तिच्याजवळ गेलो. हेही कोणाले माहीत नाई.

चंद्रपूरले नेलं. तिथी डॉक्टरनं विचारलं, बीपीच्या गोळ्या चालू होत्या का? पोरगी माझी — रंजना, चामोर्शीले देल्ली हाये — ती धावत आली होती, रडून राह्यली होती, माझा हात धरून उभी होती. वच्छला खाटेवर, डोळे उघडे. वाचा गेली होती, पण कान गेले नव्हते. हे मले माहीत होतं बरं का. डॉक्टरनं नुकतंच सांगितलं होतं, त्यांना सगळं समजतं आहे.

आणि मी म्हणालो, "आणून देल्ल्या होत्या साहेब. तिनंच सोडल्या. ऐकते कुठी कोणाचं."

हे हाये ते. हेच सांगाचं होतं.

वच्छलानं माझ्याकडे पाह्यलं. तिच्या नजरेत राग असता तं मी सहन केला असता. राग नव्हता. चक्कीच्या आवाजात गिऱ्हाईक काही बोललं आणि नीट ऐकू आलं नाई की ती त्याच्याकडे पाहाची — काय म्हणालात, पुन्हा सांगा — तशी पाहून राह्यली होती. मी पुन्हा काही सांगितलं नाई. खिडकीकडे पाह्यलं.

तेव्हापासून ते तिच्या नावावर चिकटलं. रंजना येते, आईचे पाय चेपते, आणि प्रेमानंच म्हणते, आई, काऊन सोडल्या वं गोळ्या? बाबा एवढं करत होते तुझ्यासाठी. पाहाले येणाऱ्या बायाही तेच म्हणतात. वच्छला ऐकते. तिले दोन-चार शब्द येतात आता, पाणी, नको, असे. बाकीचे तोंडापर्यंत येऊन वळत नाईत. कधी कधी डावा हात उचलते, काही सांगाले. रंजना विचारते, पाणी पाहिजे का आई? मी जवळच बसलेला असतो. मले माहीत असते पाणी नाई पाहिजे. मी उठून पाणी आणतो.

पल्लवीचा फोन आला होता त्याच आठवड्यात. सांगितलं तं रडली ती. म्हणाली, "काका, सगळं तर नीट चाललं होतं. माझंच काही सांगायचं राहिलं का?" मी म्हणालो, राह्यलंही असन बेटा, आता काय करते. त्या पोरीले असं म्हणालो मी. नाई म्हणाले एक शब्द लागत होता, तो निघाला नाई. ती अजूनही त्याच कामावर हाये. काकूचं कोणतं लक्षण आपल्याकडून सुटलं, असं मधीच विचारते.

चक्की आता भाड्यानं देल्ली. घरात मीठ नावापुरतं. रोज सकाळी वच्छलाले धरून मोहाच्या झाडाईपर्यंत नेतो. जे जे मी फोनवर खोटं सांगितलं होतं ते सारं आता मी खरंच करतो, एक एक, अगदी तसंच. लोक पाहतात न् म्हणतात, माणूस असावा तं असा. तुमाले वाटन, फेडून राह्यला हा. नाई. तिची वाचा गेली म्हणून मले फिरवाले मिळून राह्यलं. ती बोलत असती तं मले बोट तरी लावू देल्लं असतं का तिनं, कोण जाणे.

बेस्तरवारी फोन अजून येते. आता मी बाहेर नेत नाई. वच्छलाजवळ बसतो, फोन तिच्या कानाले लावतो. त्या पोरीचा आवाज तिनं असा पहिल्यांदा ऐकला. पल्लवी विचारते, "काकू, गोळी घेतली ना?" वच्छला मान हलवते, मोठ्यानं, जीव तोडून हलवते. फोनवर मान दिसत नाई. ती पोरगी थांबून राहाते तिकडं. वच्छला माझ्याकडे पाहाते.

मंग मीच म्हणतो, हो, घेतली.